खुंटीवरचे बॅज

आमच्या कॅथलॅबमध्ये रेडिएशन फक्त मला लागायचं. बाकी कुणालाच नाही. विभागप्रमुखांना नाही, त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरांना नाही, माझ्याबरोबर शिकणाऱ्या मुलांना नाही, टेक्निशियनलाही नाही. खोली एक, मशीन एक, टेबल एक. किरण मात्र सगळ्यांना वळसा घालून नेमके माझ्याकडे यायचे. हे मी म्हणत नाही, तपासणीचा अहवाल म्हणायचा. दर तिमाहीला तो यायचा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला जायचा.

हसू येतंय ना? मलाही येतं आता. पण ते काही फार चांगलं हसू नाही.

ज्यांचा या जगाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा आहे का ते बघायला मनगटातून एक बारीक नळी आत सरकवतात. अडथळा असेल तर तिथेच फुगा फुगवून स्टेंट बसवतात. हे काम ज्या खोलीत चालतं ती कॅथलॅब. नळी कुठवर पोचली ते पडद्यावर दिसावं म्हणून एक्स-रे चालू ठेवावा लागतो, त्याचं पेडल डॉक्टरच्या पायाखाली असतं. पेशंट एकदा येतो आणि जातो. डॉक्टर रोज तिथेच उभा. म्हणून अंगावर शिशाचा जड एप्रन, गळ्याला शिशाची पट्टी आणि एप्रनच्या आत छातीवर एक बॅज. काडेपेटीएवढी प्लास्टिकची डबी. ती कशापासून वाचवत बिचवत नाही. किती रेडिएशन लागलं तेवढं साठवून ठेवते. तिमाही संपली की सगळे बॅज तपासणीला जातात आणि प्रत्येकाच्या नावासमोर आकडा येतो.

आता हा बॅज आमच्याकडे कुठे असायचा? खुंटीवर. कंट्रोल रूममध्ये, जाड काचेच्या अलीकडे, जिथे किरण पोचत नाहीत तिथे भिंतीवर एक लाकडी फळी होती. तिला खुंट्या, खुंटीखाली नावाच्या पट्ट्या. सकाळी यायचं, एप्रन चढवायचा, आणि बॅज जिथे आहे तिथेच राहू द्यायचा. विश्वकर्मा पूजेला टेक्निशियन मशीनला टिळा लावायचा, झेंडूची माळ घालायचा आणि मग ओळीने त्या बॅजनाही एकेक टिळा लावायचा. देवघरच झालं होतं ते. आणि देव्हाऱ्यातल्या देवांना कोण उगाच हलवणार?

यामागे हिशेब साधा होता. कुणाचा आकडा वाढला तर वरून पत्र येतं, विचारणा होते, त्या डॉक्टरला काही काळ लॅबबाहेर बसावं लागतं. आमच्या सरांना, म्हणजे विभागप्रमुखांना, हे परवडणारं नव्हतं. त्यांचा हात खरोखर सोन्याचा होता. ज्या केसला इतर लोक नाही म्हणायचे ती ते गप्पा मारत करायचे. अगदी शब्दशः गप्पा मारत. परदेशातल्या कॉन्फरन्समधली गंमत सांगताना त्यांचा पाय पेडलवर तसाच राहायचा, पडद्यावर काहीच घडत नसलं तरी एक्स-रे चालू. छताला लटकवलेली शिशाची काच डॉक्टर आणि पेशंटच्या मध्ये ओढून घ्यायची असते. ती त्यांच्या आड यायची म्हणून कोपऱ्यात ढकललेली असायची आणि तिच्यावर कुणाचा तरी टॉवेल वाळत असायचा.

मी दिल्लीच्या या हॉस्पिटलात कार्डिओलॉजीच्या डीएमला लागले. एमबीबीएस, एमडी झाल्यावर आणखी तीन वर्षं. सुरुवातीलाच आम्हा नव्या पोरांचं रेडिएशन सेफ्टीचं ट्रेनिंग झालं. कडाक्याची थंडी, सभागृहात एकच हीटर, तोही स्टेजवरच्या पाहुण्यांकडे तोंड करून. सरांनी दीप लावला, सुरक्षेवर चार गोड वाक्यं बोलले आणि केस आहे म्हणून निघून गेले. बाहेरून आलेले एक वयस्कर भौतिकतज्ज्ञ मन लावून शिकवत होते: कमी वेळ थांबा, लांब उभे राहा, मध्ये आडोसा घ्या. पोरं मोबाइलमध्ये. सर्टिफिकेटं जेवणाआधीच वाटून टाकली, त्यामुळे गाजरहलव्यानंतर सभागृहात तुरळक डोकी उरली. त्यात एक मी.

मी प्रश्नही विचारला. गरोदरपणात काय करायचं? त्यांना कुणी काही विचारलं याचाच इतका आनंद झाला की चष्मा काढून त्यांनी सविस्तर सांगितलं. लेखी कळवायचं. पोटावर, एप्रनच्या आत, दुसरा बॅज लावायचा. त्याच्यावर नीट लक्ष ठेवायचं आणि काम त्या बेताने आखायचं. सरसकट बाहेर काढा असं नियमात कुठेही नाही. मी ते सगळं लिहून घेतलं.

हे असं लिहून घेणं मला वडलांकडून आलं. बाबा नागपूरहून बदलीवर दिल्लीत आले, केंद्र सरकारच्या कचेरीत नोकरी करून निवृत्त झाले आणि आता गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये आईबरोबर राहतात. आमच्या घरात भिंतीवर फोटो आहे तो देवाचा नाही, कायदा लिहिणाऱ्या माणसाचा आहे. बाबा लहानपणापासून सांगायचे, जे लिहिलेलं आहे ते मागून घ्यायचं, बेटा. न लिहिलेलं आपल्याला कुणी देणार नाही. त्यांची सगळी बढत्यांची लढाई याच एका वाक्यावर झाली. मीही लेकच त्यांची. ट्रेनिंगमध्ये सांगितलं बॅज छातीवर लावा, मी छातीवर लावला.

पहिल्याच दिवशी सीनिअर म्हणाला, "अरे यार, इसको टाँग दो. कोई नहीं पहनता."

"क्यों?"

"क्यों क्या? बस, नहीं पहनते."

मी नाही टांगला. कुणी जबरदस्तीही केली नाही. मग तिमाहीचा अहवाल आला आणि सरांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. त्यांनी एकेक नाव वाचलं. शून्य, शून्य, शून्य. माझ्या नावाशी थांबले, चष्म्यावरून बघितलं. "सबका ज़ीरो है. आपका क्यों आ रहा है, मैडम? टेक्निक देखिए अपनी. एक्स-रे ट्यूब के पास घुसकर खड़ी होती होंगी."

खरं सांगते, तो आकडा मर्यादेच्या खूप खाली होता. काळजी करण्यासारखा मुळीच नव्हता. पण शून्यांच्या रांगेत बसवला की कुठलाही आकडा गुन्हेगारासारखा दिसतो. मी म्हटलं, "सर, बाकी सबके बैज तो बाहर टँगे रहते हैं."

सर रागावले नाहीत, उलट हसले. "आप लोग रूल बहुत पढ़ते हो. थोड़ा काम भी सीख लो."

आप लोग. हे दोन शब्द मी शाळेपासून ओळखते. कुठल्या यादीतून माझा नंबर लागला हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि त्यांना ते माहीत आहे हे मलाही माहीत होतं. त्यापुढे वेगळं काही बोलायची गरज दोघांनाही नव्हती. बरोबरच्या मुलांनी त्या दिवसापासून मला ट्यूबलाइट म्हणायला सुरुवात केली. अंधारात चमकते म्हणून. मीही हसायचे. एकत्र जेवायचं असतं ना त्यांच्याबरोबर.

मी बॅज लावत राहिले, अहवाल येत राहिले, सर वाचत राहिले. दरवेळी माझी टेक्निक. मी काच ओढून घ्यायचे, पाय पेडलवरून उचलायचे, एक्स-रेचा फोटो घेताना एक पाऊल मागे सरायचे. यातलं काहीच माझ्या बाजूने मोजलं जात नव्हतं. सरांना मदत करायला उभी राहिले की ती काच पुन्हा कोपऱ्यात.

डीएमचं तिसरं वर्ष हे हाताचं वर्ष. आधीची दोन वर्षं तुम्ही बघता, धरता, पुढे करता. तिसऱ्या वर्षी मुख्य जागेवर तुम्ही उभं राहता, स्टेंट तुम्ही बसवता, आणि सर मागून सांगतात. हात तिथे बसतो. तिथे नाही बसला तर पुढे आयुष्यभर बसत नाही, कारण शिकाऊ डॉक्टरच्या हातात कुणी आपला हात देत नाही आणि बाहेरच्या हॉस्पिटलात शिकवायला कुणाला वेळ नसतो. माझा हात बसायला लागला होता. एका म्हाताऱ्या सरदारजींची पूर्ण बंद झालेली नस मी उघडली तेव्हा सर मागून फक्त "हाँ" म्हणाले होते. ते "हाँ" मी घरी येऊन आईला दोनदा सांगितलं.

आणि त्याच सुमारास मला दिवस गेले. नवरा बाहेरगावी नोकरीला, मी आईबाबांकडेच राहत होते. मला मूल हवं होतं. मला ते वर्षही हवं होतं. दोन्ही हवं असण्यात लाज वाटण्यासारखं मला काही दिसत नव्हतं, अजूनही दिसत नाही.

ट्रेनिंगमध्ये सांगितल्याप्रमाणे मी लेखी कळवलं. दुसरा बॅज मागितला. सरांनी मला खोलीत बसवलं, चहा मागवला. इतक्या प्रेमाने ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. "बेटा, बच्चे से बढ़कर क्या है? लैब कहीं भागी नहीं जा रही."

मी नियम सांगितला. दुसरा बॅज, त्याच्यावर लक्ष, कामाची आखणी.

"वो सब ठीक है. पर आपका तो रिकॉर्ड ही ख़राब है. पूरे डिपार्टमेंट में एक आपकी रीडिंग आती है. मैं रिस्क कैसे लूँ?"

बघा कसं आहे. ज्या खोलीत कुणाचाच डोस कुणी मोजत नव्हतं, तिथे माझा एकटीचा मोजलेला होता, आणि तोच माझ्याविरुद्ध पुरावा. मी इतरांसारखी खुंटीवर टांगून मोकळी झाले असते तर माझं रेकॉर्ड स्वच्छ होतं, पोटातल्या बाळासकट मी खुशाल टेबलाशी उभी राहू शकले असते. त्या खोलीत सुरक्षेची आठवण कुणाला कधी झाली नव्हती. ती झाली एकदाच, मला बाहेर काढायला.

दुसऱ्या दिवशी मी इकोला. इको म्हणजे छातीवर प्रोब ठेवून हृदयाची सोनोग्राफी. चांगलं काम आहे, गरजेचं आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. पण माझ्या लॅबच्या पाळ्या दोन ज्युनिअर मुलांना वाटून दिल्या गेल्या आणि त्यांनी सगळ्यांना मिठाई वाटली.

मी सेफ्टी ऑफिसरकडे गेले. हॉस्पिटलात असा एक माणूस असावाच लागतो. आमचे तळमजल्यावर, लिफ्टच्या मागे बसायचे. त्यांना म्हटलं, एक तिमाही सगळ्यांना बॅज लावायला सांगा आणि मग माझ्या आकड्याशेजारी त्यांचे आकडे ठेवा. एवढंच. ते बराच वेळ टेबलावरची पेनं सरळ करत बसले. मग म्हणाले, "मैडम, मैं रिपोर्ट देखता हूँ. खूँटी देखना मेरा काम नहीं है." त्यांचा मुलगा आमच्याच हॉस्पिटलात कंत्राटी नोकरीत होता. मला हे माहीत होतं, तरी मला त्यांचा इतका संताप आला की जिना चढताना दम लागला.

घरी दोन पक्ष पडले. आई म्हणाली, "बरंच झालं की ग. देवच पावला म्हण. नऊ महिने त्या एक्स-रेत उभी राहणार होतीस का तू?"

"आई, आपल्याकडे देव कधीपासून पावायला लागला?"

"तोंड बघ कसं चालतं! बाळाला काही झालं असतं मग?"

"बॅज लावून, काच घेऊन उभी राहिले असते तर काही झालं नसतं. लिहिलेलं आहे ते."

"लिहिलेलं, लिहिलेलं. तुझ्या बाबांनी डोक्यात भरलंय सगळं."

बाबा पेपर वाचत होते. म्हणजे पेपर नुसता समोर धरला होता. ते म्हणाले, "अर्ज कर. वर अर्ज कर." मी केला. उत्तर आलं की विभागाने घेतलेली काळजी स्तुत्य आहे. बाबांनी ते उत्तर वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. आयुष्यभर ज्या भाषेत ते भांडले त्याच भाषेत त्यांना गप्प केलं होतं, आणि तेही शाबासकी देऊन. त्या दिवशी ते संध्याकाळी फिरायलाही गेले नाहीत. मला माझ्यापेक्षा त्यांचं वाईट वाटलं.

मुलगी झाली, छान झाली. रजा संपवून परत आले तर माझं वर्ष नव्या बॅचचं झालं होतं. "पहले इनका पूरा होने दो," असं दरवेळी. ट्रेनिंग वाढवून मिळालं, पण त्यात लॅबच्या पाळ्या कुठून आणणार? जे थोडंबहुत मिळालं त्यात सर पुढे आणि मी बाजूला. परीक्षा पास झाले. डिग्री तीच आहे, कागद तोच आहे. कागदावर हात बसलाय की नाही हे लिहिलेलं नसतं.

आता मी गुरुग्रामच्या एका खासगी हॉस्पिटलात आहे. इको करते. उत्तम करते, लोक लांबून येतात. अडथळा सापडला की म्हणते, पुढचं दुसरे डॉक्टर बघतील. ते दुसरे म्हणजे माझ्या मिठाई वाटणाऱ्या ज्युनिअरांपैकी एक. वाईट मुलगा नाही तो. मला अजून मॅडम म्हणतो. मुलगी आता शाळेत जाते, दिल्लीचं मराठी बोलते. मध्यंतरी वर्गात कुणाची आई काय करते ते सांगायचं होतं. तिने विचारलं, "आई, तू हार्ट ठीक करतेस ना?"

"मी बघते, बेटा. ठीक दुसरे करतात."

"अच्छा," ती म्हणाली आणि तिने वहीत "बघते" लिहिलं.

या थंडीत मला जुन्या विभागाकडून आमंत्रण आलं. रेडिएशन सेफ्टीचं ट्रेनिंग, मी पाहुणी. जायचं नाही असं ठरवलं होतं. बाबा म्हणाले जा, म्हणून गेले. सभागृह तेच, हीटर आता दोन झालेत. सर निवृत्तीला आलेत, आवाज तसाच खणखणीत. या वेळी ते दीप लावून पळाले नाहीत. विभागाचा गेल्या वर्षापर्यंतचा आलेख त्यांनी पडद्यावर दाखवला. तळाशी एक सपाट रेघ, सगळ्यांची, स्वच्छ. मध्ये एकच उंचवटा. तो उंचवटा म्हणजे मी.

"और ये जो स्पाइक देख रहे हैं आप, ये हमारी ही एक लेडी रेज़िडेंट थीं. प्रेगनेंट थीं. हमने टाइम पर पकड़ा, लैब से बाहर निकाला. माँ भी ठीक, बच्ची भी ठीक. इसे कहते हैं सेफ़्टी कल्चर. और ख़ुशी की बात, वो आज हमारे बीच बैठी हैं."

टाळ्या पडल्या. मला स्टेजवर बोलावून शाल दिली, काचेचं स्मृतिचिन्ह दिलं, माइक दिला. वर्षानुवर्षं मी मनात जी भाषणं रचली होती त्यातलं एकही आठवेना. मी एवढंच म्हणाले, "सर, लैब बग़ल में ही है. चलिए, बच्चों को खूँटी दिखा लाते हैं."

सगळे हसले. सर सगळ्यांत मोठ्याने हसले. "देखा? आज भी वैसी ही है!" आणि जेवणाची घोषणा झाली.

मी जेवायला न जाता लॅबकडे गेले. मशीन नवं आहे. फळी तीच, रंग नवा. बॅज ओळीने लटकत होते, पूजेचे टिळे वाळून तपकिरी झालेले. एक खुंटी मात्र रिकामी होती, खाली एका मुलीचं नाव. लपवत नाही, मला आनंद झाला. कुणीतरी लावतंय. काचेपलीकडे कुणीतरी एप्रनच्या आत बॅज लावून उभं आहे. मी वाकून बघितलं. टेबलाशी मुलगी एकही नव्हती.

कंट्रोल रूममध्ये एक शिकाऊ डॉक्टर सँडविच खात बसला होता. रिकाम्या खुंटीखालच्या नावावर बोट ठेवून मी त्याला विचारलं, ही आज आली नाही का?

"नहीं मैडम, आई हैं. आजकल ईको में हैं. रीडिंग आ रही थी उनकी."

"प्रेगनेंट है?"

"नहीं नहीं," तो म्हणाला. तोंडातला घास गिळला, दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "बैज लगाती थीं."

इकोची खोली कुठे आहे हे मला त्याला विचारावं लागलं नाही. शाल तिथल्याच खुर्चीवर टाकली आणि मी निघाले.